अग्निबाणाची पहिली ठिणगी

विस्तव पेटविणें ही गोष्ट आपल्या घरांत इतकी नित्याची झाली आहे कीं, तींत कांहीं विद्या आहे असें कोणास वाटतच नाहीं. पण ज्यांच्या स्वयंपाकघरांत पूर्वीं पितळी स्टोव्ह होता त्यांस ही विद्या पक्की आठवत असेल. आधीं वाटींत स्पिरिट ओतून तें पेटवावयाचें, त्याच्या आंचेनें बर्नर चांगला तापूं द्यावयाचा, आणि मगच पंप मारावयाचा, असा तो क्रम होता. एखाद्या घाईच्या सकाळीं हा क्रम चुकला म्हणजे थंड बर्नरांतून वाफेऐवजीं रॉकेलच उसळे आणि हातभर भडका उठून घरांतील मंडळींची धांदल उडे. स्टोव्ह गेले, गॅसच्या शेगड्या आल्या. पण धडा तोच राहिला. आधीं चावी उघडून मग काडी शोधावयास निघालेल्या माणसास, काडी ओढतांच ‘भक्‌’ असा आवाज ऐकूं येतो आणि त्याच्या भुवया होरपळतात. जळण तेंच, काडी तीच, शेगडीहि तीच. फरक काय तो चार-दोन क्षणांचा!

या चार-दोन क्षणांच्या फरकावर जगांतील मोठमोठे शास्त्रज्ञ आज आपली बुद्धि खर्च करीत आहेत असें सांगितलें, तर वाचकांस नवल वाटेल. परंतु ही गोष्ट खरी आहे. द्रवरूप इंधनावर चालणारा अग्निबाण पेटवावयाचा कसा, हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षांचा जुना असून त्याचें शेवटचें उत्तर अजून मिळालेलें नाहीं. अलीकडे त्यावर एक नवा उपाय पुढें आला आहे. काडी नको, दारू नको, विजेची तारहि नको. नुसत्या प्रकाशानें, म्हणजे लेसर-किरणानें, इंजिन पेटवावें असा हा उपाय आहे. तो काय आहे, त्याची गरज कां पडली आणि त्याच्या वाटेंत अडचणी कोणत्या आहेत, हें आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

कोठींत काय घडतें?

दिवाळींतील बाणांत दारू ठासलेली असते. ती एकदां पेटली कीं संपेपर्यंत जळत राहते. द्रव इंधनाच्या अग्निबाणाची रचना निराळी. त्यांत दोन स्वतंत्र टाक्या असतात. एकींत रॉकेल, हायड्रोजन किंवा मिथेन असें इंधन, आणि दुसरींत बहुधा द्रवरूप प्राणवायु. आकाशांत हवा नसल्यामुळें जळण्यास लागणारा प्राणवायुहि बरोबर न्यावा लागतो. हा प्राणवायु शून्याखालीं १८३ अंशांवर, तर द्रवरूप हायड्रोजन शून्याखालीं २५३ अंशांवर ठेवावा लागतो. पंप हे दोन्ही द्रव प्रचंड दाबानें ज्वलनकोठींत सोडतात, तेथें त्यांचे तुषार एकमेकांत मिसळून जळतात, आणि निघालेला तप्त वायु खालच्या तोंडांतून बाहेर पडतो. त्याच्या प्रतिक्रियेनें अग्निबाण वर चढतो.

आतां या कोठींतील प्रमाण पाहा. चंद्रावर माणसें नेणाऱ्या सॅटर्न पांच या अग्निबाणाच्या तळाशीं पांच इंजिनें होतीं. त्यांतील एक इंजिन दर सेकंदास इंधन व प्राणवायु मिळून अडीच टनांहून अधिक द्रव गिळत असे. म्हणजे पूर्ण वेगाच्या हिशेबानें, एक दशांश सेकंदाचा उशीर झाला तर कोठींत अडीचशें किलो न जळलेलें मिश्रण सांचावयाचें! प्रत्यक्षांत सुरुवातीस हा ओघ कमी ठेवतात. पण धोक्याचें स्वरूप तेंच. सांचलेलें मिश्रण मग एकदम पेटतें आणि जें ज्वलन व्हावयाचें त्याचा स्फोट होतो. आपल्या शेगडीचें ‘भक्‌’ तें हेंच. फक्त तेथें भुवया जात नाहींत, इंजिनच जातें. उलटपक्षीं ठिणगी लवकर पडून विझली, तर इंजिन पेटतच नाहीं. म्हणून ठिणगी योग्य जागीं पडली पाहिजे, योग्य वेळीं पडली पाहिजे, आणि तेथें इंधन व प्राणवायु यांचें योग्य मिश्रण आलेलें असलें पाहिजे. या तीन अटी एकाच क्षणीं जुळवून आणणें हेंच सारें कौशल्य होय.

मशालीपासून लाकडी काठीपर्यंत

अमेरिकेंतील रॉबर्ट गॉडर्ड या प्राध्यापकानें १६ मार्च १९२६ रोजीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ऑबर्न येथील एका शेतांत जगांतील पहिला द्रव इंधनाचा अग्निबाण उडविला. तो अडीच सेकंद हवेंत होता आणि अवघा ४१ फूट उंच चढला. त्याचें इंजिन पेटविलें कसें, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. गॉडर्डच्या मदतनिसानें एका लांब काठीस पेटता ब्लो-लॅंप बांधला आणि ती काठी पुढें करून अग्निबाणाच्या माथ्यावरील दारूस बत्ती दिली! आपल्याकडे उत्सवांत नळे पेटवितांना लांब उदबत्ती धरतात, त्यांतलाच हा प्रकार. गॉडर्डची पत्नी एस्थर कॅमेरा घेऊन जवळच उभी होती. आज जीं यानें ग्रहांच्याहि पलीकडे गेलीं आहेत त्यांचें मूळ त्या काठीच्या टोंकाशीं आहे.

पुढें हीच युक्ति सुधारत गेली. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन व्ही-दोन अग्निबाणांत तोंडाखालीं दारूचें एक भुईचक्र फिरवीत, आणि त्याच्या ठिणग्यांनीं मद्यार्क व प्राणवायु यांचें मिश्रण पेटे. रशियानें तर याहूनहि साधा उपाय योजला. ज्या जातीच्या अग्निबाणानें १९५७ सालीं पहिला कृत्रिम उपग्रह वर नेला, त्याच घराण्यांतील सोयूझ आजहि उडतो. त्याच्या तळाशीं लहानमोठ्या मिळून ३२ ज्वलनकोठ्या असतात. यांतील प्रत्येकींत बर्चच्या लाकडाची काठी खालून उभी करतात आणि तिच्या टोंकास दारूचीं नळकांडीं बसवितात. दारू पेटली कीं एक बारीक तार जळून तुटते, व सर्वत्र विस्तव तयार असल्याची खूण मिळाल्यावरच इंधनाचे पडदे उघडतात. स्टोव्हचा बर्नर तापल्याखेरीज पंप मारावयाचा नाहीं, हाच तो नियम! लाकडाच्या काठीवर चालणारें हें यंत्र पाहून हंसूं नये. साधेपणामुळेंच तें इतकीं वर्षें टिकलें आहे.

अमेरिकेनें रासायनिक मार्ग धरला. ट्रायएथिल-अल्युमिनियम आणि ट्रायएथिल-बोरॉन हीं दोन द्रव्यें अशीं आहेत कीं, हवा लागतांच तीं आपण होऊन पेट घेतात. सॅटर्न पांचच्या खालच्या इंजिनांत यांच्या मिश्रणाची एक कुपी फुटे आणि तिच्या ज्वाळेनें रॉकेल पेटे. स्पेस-एक्स कंपनीच्या फाल्कन अग्निबाणांतहि हेंच मिश्रण वापरतात. उड्डाणाच्या आरंभीं जी हिरवी झांक चमकून जाते ती बोरॉनची.

अंतराळांतील काडी

जमिनीवर हें सर्व ठीक आहे. काठी जळून गेली तरी चालते, कारण तिचें काम संपलेलें असतें. खरी अडचण वर गेल्यावर सुरू होते. वरच्या टप्प्याचें इंजिन पोकळींत, थंडींत, आणि कोणाचाहि हात न लागतां पेटवावें लागतें. कित्येकदां तें बंद करून तासाभरानें पुन्हां पेटवावें लागतें. जळलेली काडी पुन्हां ओढतां येत नाहीं!

या बाबतींत एका घटनेची हकीकत सांगण्यासारखी आहे. ४ एप्रिल १९६८ रोजीं अपोलो सहा हें माणसाविना जाणारें यान उडालें. वरच्या दोन टप्प्यांत हायड्रोजनवर चालणारीं जे-दोन जातीचीं इंजिनें होतीं. त्यांच्या माथ्यावर विजेच्या ठिणगीनें पेटणारी एक छोटी ज्वाला असे आणि ती मोठ्या कोठीस पेटवी. या छोट्या ज्वालेस हायड्रोजन पुरविणारी एक बारीक, लवचीक नळी होती. उड्डाणांत ती नळी फुटली, आणि दुसऱ्या टप्प्याचें एक इंजिन बंद पडलें. तारांची जोडणी उलटसुलट झालेली असल्यामुळें तें बंद करण्याचा हुकूम शेजारच्या धडधाकट इंजिनास गेला, व तेंहि थांबलें. पुढें तिसऱ्या टप्प्याचें इंजिन एकदां जळून थांबल्यावर पुन्हां पेटेना. तेथेंहि तीच नळी!

आतां प्रश्न असा कीं, जमिनीवरील असंख्य परीक्षांत ही नळी कां फुटली नाहीं? शोध करतां उत्तर मिळालें तें मोठें मार्मिक होतें. हायड्रोजनच्या गारठ्यानें जमिनीवर त्या नळीभोंवतीं हवा गोठून तिचा थर जमे, आणि तो थर नळीचा थरथराट आवरून धरी. अंतराळांत हवाच नाहीं. थर जमला नाहीं, थरथराट आवरला नाहीं, आणि नळी फुटली. जमिनीवर हवा तिची पाठराखण करीत होती, हें कोणाच्या ध्यानींच आलें नव्हतें. हा दोष काढून टाकल्यावर त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याच जातीच्या अग्निबाणावर बसून तीन माणसें चंद्राभोंवतीं फिरून आलीं. एक बोटभर नळी वेळींच पकडली गेली नसती तर काय झालें असतें, याची कल्पना वाचकांनींच करावी.

अशीं उदाहरणें आणखीहि आहेत. ३१ मे १९८६ रोजीं युरोपच्या एरियन अग्निबाणाचा तिसरा टप्पा नीट पेटला नाहीं आणि उपग्रहासह सर्व कांहीं नाश पावलें. त्यानंतर पुढचें उड्डाण १९८७ च्या सप्टेंबरपर्यंत होऊं शकलें नाहीं. मधला काळ अधिक जोरदार ज्वलनयंत्र घडविण्यांत गेला. ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं फाल्कन हेवी या प्रचंड अग्निबाणाचें पहिलें उड्डाण झालें. त्याचे दोन बाजूचे खांब जमिनीवर अलगद उतरले आणि साऱ्या जगानें टाळ्या वाजविल्या. पण मधला खांब समुद्रावरील तराफ्यावर उतरावयाचा होता, तो जवळच्या पाण्यांत ताशीं सुमारें ४८० किलोमीटर वेगानें आदळला. कारण? उतरतांना तीन इंजिनें पुन्हां पेटवावयाचीं होतीं. पेटविण्याचें तें हिरव्या ज्योतीचें द्रव संपलें, म्हणून एकच पेटलें. घरांत धान्य आहे, पाणी आहे, शेगडी आहे, पण काडेपेटी रिकामी, असा हा प्रसंग होता.

आपण होऊन पेटणारीं इंधनें

वाचक म्हणतील, काडीची एवढी कटकट असेल तर काडीशिवाय पेटणारें इंधनच कां वापरीत नाहींत? तसेंहि करतात. हायड्रॅझिन जातीचें इंधन आणि नायट्रोजनचें एक ऑक्साईड यांची गांठ पडतांच, कोणी न पेटवितां, तीं भडकतात. पडदा उघडला कीं इंजिन सुरू. २१ जुलै १९६९ रोजीं चंद्रावरून पहिलीं दोन माणसें परत निघालीं तीं अशाच इंजिनावर. कारण तेथें इंजिन पेटलें नाहीं तर दुसरा उपायच नव्हता. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं आपलें चांद्रयान-३ चंद्राच्या भूमीवर उतरलें तेंहि अशाच इंजिनांच्या आधारें.

पण या सोयीची किंमत जबर आहे. हीं द्रव्यें भयंकर विषारी आहेत. तीं भरणाऱ्या कामगारांस आपादमस्तक बंद पोशाख घालावा लागतो. शिवाय जें काडीशिवाय पेटतें तें चुकूनहि पेटतें. २४ ऑक्टोबर १९६० रोजीं बायकोनूर येथें अशाच जातीच्या इंधनानें भरलेल्या रशियन अग्निबाणाभोंवतीं माणसें दुरुस्तीचें काम करीत असतां, वरच्या टप्प्याचें इंजिन एका चुकीच्या विद्युत्‌संदेशानें सुरू झालें. खालच्या भरलेल्या टाकीवर त्याची ज्वाळा पडली, आणि सेनापति नेदेलिन यांच्यासह पन्नासांहून कितीतरी अधिक माणसें जळून गेलीं. नेदेलिन विमान-अपघातांत वारले असें तेव्हां जाहीर करण्यांत आलें, आणि खरी हकीकत सोव्हिएत सरकारनें १९८९ पर्यंत उघड होऊं दिली नाहीं. अग्नि सोपा करावा तर तो असा अनावर होतो. म्हणून रॉकेल, हायड्रोजन किंवा मिथेन यांसारखें निर्विष इंधन घ्यावें, आणि तें हवें तेव्हां, हवें तितक्या वेळां, खात्रीनें पेटवितां यावें, अशीच सर्वांची इच्छा असते.

प्रकाशाची काडी

येथें लेसर पुढें येतो. भिंगानें ऊन एकत्र करून कागद जाळण्याचा खेळ आपण सर्वांनींच लहानपणीं केलेला आहे. लेसरची ठिणगी हा त्याच खेळाचा पुढचा अध्याय आहे. परंतु त्यांत एक मोठा भेद आहे. भिंगाखालीं कागद हळूहळू तापतो आणि मग जळतो. लेसर हवेस तापवीत बसत नाहीं. तो तिला एका क्षणांत फोडतो.

थिओडोर मेमन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १६ मे १९६० रोजीं माणकाच्या कांडींतून पहिला लेसर-किरण काढला. पुढें तो किरण सांठवून अगदीं क्षणार्धांत सोडण्याची युक्ति निघाली, आणि १९६३ सालींच असा किरण भिंगानें एका बिंदूवर आणला असतां नुसत्या हवेंत ठिणगी पडते असें दिसून आलें. ना तार, ना काडी. भिंगापुढें मोकळ्या जागीं एक निळसर-पांढरा ठिपका ‘टक्‌’ असा आवाज करून चमकतो.

हें कसें घडतें? किरणाचें तेज एका चौरस सेंटीमीटरवर शंभर अब्ज वॅटच्या पलीकडे गेलें कीं, वायूच्या अणूंतून विद्युत्कण निखळतात. ते त्याच प्रकाशानें अधिक वेगवान होऊन शेजारच्या अणूंवर आदळतात आणि त्यांचेहि कण सोडवितात. एकाचे दोन, दोनांचे चार असें होतां होतां डोळ्याचें पातें लवण्यापूर्वींच तेथें दहा हजार अंशांहून अधिक तापलेला एक सूक्ष्म गोळा तयार होतो. त्याच्याभोंवतीं इंधन व प्राणवायु असले म्हणजे पेटावयास उशीर कसला?

यास लागणारी शक्ति किती, हें पाहून अधिकच आश्चर्य वाटतें. जर्मनींतील एका प्रयोगांत वापरलेल्या लेसरच्या एका झोतांत सुमारें ३३ मिलिज्यूल शक्ति होती. एक ग्रॅमचा खडा साडेतीन मीटरहून किंचित्‌ कमी उंच उचलण्यास जेवढे श्रम पडतील तेवढीच ही शक्ति. मुंगीचें बळ म्हणाना! पण ती खर्च होते दोन नॅनोसेकंदांपेक्षां थोड्या अधिक वेळांत. प्रकाशासारखा धांवणारा, तोहि इतक्या वेळांत जेमतेम दीड हात अंतर जातो. इतक्या अल्प काळांत ती खर्च झाल्यामुळें त्या क्षणापुरतें तिचें बळ एक कोटि चाळीस लक्ष वॅट होतें. थोडी शक्ति, पण एका जागीं व एका क्षणीं एकवटलेली. सारें रहस्य तें इतकेंच.

इंजिनाच्या दृष्टीनें याचे फायदे उघड आहेत. विजेच्या ठिणगीस दोन धातूंचीं टोंकें लागतात. तीं झिजतात, आणि नुकतीच जन्मलेली ज्योत त्यांस चिकटून थंड होते. लेसरची ठिणगी भिंतीपासून दूर, जेथें मिश्रण उत्तम असेल तेथें, भिंग पुढें-मागें करून पाडतां येते. वेळेचा नेम सेकंदाच्या लक्षांशापर्यंत साधतो. जे-दोन इंजिनाप्रमाणें छोटी ज्वाला, तिच्या वेगळ्या नळ्या आणि पडदे हा सर्व पसारा वाचतो. आणि जी नळी नाहीं ती फुटत नाहीं! बरोबर विष न्यावें लागत नाहीं. आणि मुख्य म्हणजे वीज आहे तोंवर ही काडेपेटी रिकामी होत नाहीं.

प्रयोग आणि अडचणी

अमेरिकेच्या नासा संस्थेंत १९९४ च्या सुमारास या कल्पनेचा पद्धतशीर विचार झालेला आढळतो. पण त्या वेळचे लेसर मोठे, नाजूक आणि टेबलावर बसविण्याजोगे होते. अग्निबाणावर न्यावेत असे नव्हते. पुढील वीस वर्षांत ते लहान झाले. जपानांतील ओकाझाकी येथील ताकुनोरी ताइरा व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं मोटारीच्या इंजिनासाठीं असा लेसर दाखविला कीं, त्याचा मुख्य स्फटिक केवळ ९ मिलिमीटर रुंद आणि ११ मिलिमीटर लांब होता. तो नेहमींच्या स्पार्क-प्लगच्या जागीं बसावा असा त्यांचा हेतु होता. जर्मनींत लॅम्पोल्ड्सहाउझेन येथें सरकारी अंतराळ-संस्थेचें परीक्षाकेंद्र आहे. तेथील मंडळींनीं ऑस्ट्रियांतील फिलाख येथें तयार झालेला छोटा लेसर थेट प्रायोगिक ज्वलनकोठीवर बसवून द्रवरूप प्राणवायूबरोबर हायड्रोजन व मिथेन हीं दोन्ही इंधनें पेटविण्याचे पुष्कळ प्रयोग केले. कोठीच्या थरथराटांत आणि गारठ्यांत लेसर टिकतो कीं नाहीं, हेंहि त्यांत पाहिलें गेलें. रशियांतहि सोयूझच्या इंजिनांवर लाकडी काठीऐवजीं लेसर लावण्याचे प्रयत्न झाले आहेत. काठीच्या जागीं किरण! एका शतकाचें अंतर एका वाक्यांत मावतें तें असें.

मात्र वाचकांनीं असें समजूं नये कीं प्रश्न सुटला. अडचणी पुष्कळ आहेत, आणि त्या लपविणें शास्त्रास शोभणार नाहीं.

पहिली अडचण खिडकीची. किरण आंत जाण्यास कोठीच्या भिंतींत पारदर्शक खिडकी हवी. तिच्या एका बाजूस ज्वलनाचा दाब व दाह, दुसऱ्या बाजूस नाजूक भिंगें. रॉकेल जळतांना काजळी धरते. कंदिलाची कांच काळी पडावी तशी ही खिडकी काळी पडली तर किरण आंत जाणार कसा? तीव्र किरण स्वतःच कांहीं काजळी उडवून लावतो हें खरें. तथापि त्यावर किती विसंबावें हा प्रश्नच आहे.

दुसरी अडचण किरण आणावयाचा कोठून ही. एकच लेसर दूर ठेवून कांचेच्या तंतूंतून सर्व कोठ्यांना प्रकाश पोंचवावा, ही कल्पना सुंदर आहे. पण जो किरण हवा फोडतो तो कांचेच्या तंतूसहि फोडतो. म्हणून आतां उलट युक्ति योजतात. तंतूंतून सौम्य प्रकाश न्यावयाचा, आणि कोठीच्या माथ्यावर बसविलेल्या छोट्या स्फटिकांत त्याचा तीव्र किरण करावयाचा.

तिसरी अडचण पोकळीची. वायु विरळ असला म्हणजे फोडावयास अणूच थोडे, त्यामुळें ठिणगी पडणें कठीण होतें. अंतराळांत इंजिन पेटवितांना कोठींत आरंभीं नेमका असाच विरळपणा असतो. यावर एक तोड अशी कीं, किरण हवेंत न आणतां कोठींतील धातूवर आणावा. धातूचा कण उडून ठिणगी सोपी होते. पण मग ठिणगी भिंतीजवळ आली, आणि ‘हवी त्या जागीं ठिणगी’ हा मूळचा फायदा थोडा गमावला. एका हातानें मिळवावें आणि दुसऱ्या हातानें कांहींसें द्यावें, असाच हा व्यवहार आहे.

आणि चौथी अडचण सर्वांत मोठी, ती म्हणजे विश्वासाची. जुनी काठी, जुनी दारू आणि जुनी ठिणगी यांनीं हजारों वेळां काम केलें आहे. नव्या यंत्रास ती साक्ष अजून मिळवावयाची आहे. ज्याच्यावर माणसांचे प्राण आणि कोट्यवधि रुपये अवलंबून, तेथें केवळ नवें म्हणून कोणी कांहीं स्वीकारीत नाहीं. आणि आमच्या मतें तेंच योग्य आहे.

आपल्या देशांत

हा विषय आपल्यास दूरचा नाहीं. तामिळनाडूंतील महेंद्रगिरि येथें इस्रोचें इंजिन-परीक्षाकेंद्र आहे. रॉकेल व द्रवरूप प्राणवायु यांवर चालणारें २००० किलोन्यूटन जोराचें इंजिन इस्रो तयार करीत असून, २ मे २०२४ रोजीं त्याच्या पूर्व-ज्वलनकोठीची पेटण्याची परीक्षा तेथें यशस्वी झाली. त्यांत वापरलेली कुपी तिरुअनंतपुरम्‌च्या विक्रम साराभाई केंद्रांत तयार झालेली होती. तिच्यांत वर सांगितलेलींच ट्रायएथिल जातीचीं दोन द्रव्यें होतीं. ज्या हायड्रोजन-इंजिनानें चांद्रयान-३ ला वाटेस लावलें तें अंतराळांत पुन्हां पेटवितां यावें, या हेतूनें ७ फेब्रुवारी २०२५ रोजीं पोकळींतील ज्वलनाची परीक्षाहि तेथेंच झाली.

पण इस्रोच्याच अनुभवांतून मिळालेला एक धडा येथें सांगितला पाहिजे. १२ ऑगस्ट २०२१ रोजीं पहांटे श्रीहरिकोट्याहून निघालेल्या जी.एस.एल.व्ही.चा हायड्रोजन-टप्पा पेटलाच नाहीं, आणि पृथ्वीवर पाळत ठेवणारा एक मोलाचा उपग्रह गेला. चौकशींत आढळलें तें असें कीं, दोष ठिणगीचा नव्हता. एका झडपेंतून गळती होऊन हायड्रोजनच्या टाकींतला दाब उतरला होता, आणि त्यामुळें इंजिनास पुरेसें इंधनच पोंचलें नाहीं. लेसर असता तरी तेथें कांहीं उपयोग झाला नसता. काडी कितीहि उत्तम असो, चुलींत सरपणच नसेल तर ती बिचारी काय करणार? एकाच यंत्रास सर्व दोषांचें औषध मानण्याची जी चूक आपण नेहमीं करतों, तिच्यापासून या उदाहरणानें सावध व्हावें.

तरीहि लेसरच्या या काडीकडे आम्ही आशेनें पाहतों, त्याचें कारण निराळें आहे. पूर्वीं अग्निबाण एकदांच पेटे आणि फेंकून दिला जाई. आतां तो परत आणावयाचा आहे, उतरतांना पेटवावयाचा आहे, महिन्यानें पुन्हां वापरावयाचा आहे. ज्यास एकदांच जेवण करावयाचें त्यास एक काडी पुरते; ज्यास संसार करावयाचा त्यास घरांत विस्तव राखावा लागतो. आपल्या पूर्वजांनीं अरणी घांसून अग्नि काढला, आणि तो फिरून काढण्याचे श्रम ठाऊक असल्यामुळेंच अग्निहोत्र्यांच्या घरीं तो पिढ्यान्‌पिढ्या विझूं दिला नाहीं. अंतराळांत विस्तव राखतां येत नाहीं. तेथें तो प्रत्येक वेळीं नव्यानें, चुकल्याविना काढतां आला पाहिजे.

आमच्या तरुण वाचकांपैकीं कोणी भौतिकशास्त्र, कोणी रसायन, कोणी यंत्रविद्या शिकत असतील. मोठीं इंजिनें आणि चंद्रावरील स्वाऱ्या यांचीं चित्रें त्यांनीं अवश्य पाहावीं. पण त्या चित्रांत न दिसणारी ती बोटभर नळी, ती काजळी धरलेली खिडकी आणि तो दोन नॅनोसेकंदांचा क्षण यांकडेहि लक्ष द्यावें. करण्याजोगें काम तेथें पुष्कळ उरलें आहे. आणि उद्यां सकाळीं चहाचें आधण ठेवतांना, आधीं काडी ओढून मगच चावी फिरवावी, एवढी विनंति आमच्या सर्वच वाचकांस आहे.